जुनी जीप ऑइल गाळतेय? सीलला हात घालायच्या आधी ब्रीदर बघा

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या जीपा अजून बऱ्याच आहेत, कोणाकडं लिलावातली मिलिटरीची पेट्रोल, कोणाकडं सीजे ३बी, कोणाकडं प्यूजोचं डिझेल इंजिन असलेली एमएम ५४०, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, खाली ऑइल टपकतंय. मग गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री खाली वाकून बघतो, बेल हौसिंगमधनं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं कवच) ऑइल येतंय म्हणजे इंजिनाचं मागचं सील गेलं असं सांगतो, गिअरबॉक्स उतरतो, क्लच-फ्लायव्हील निघतं, नवीन सील पडतं आणि चार-सहा महिन्यांत ऑइल झेलायला परत पुठ्ठा गाडीखाली. सील खराब होत नाही असं नाही, होतंच, पण बऱ्याचदा सील बिचारं ठीक असतंय आणि आतनं हवेचा दाब ऑइलला ढकलत असतो. त्या दाबाकडं कोण बघतच नाही. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी बघा आणि ब्रीदर, म्हणजे तो दाब बाहेर सोडणारी वाट, डिझेलनं धुवायचा खर्च बघा, आधी काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

दाब येतो कुठनं ते थोडक्यात सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असू द्या, जळालेला थोडा गॅस त्यांच्या फटीतनं खाली चेंबरात (इंजिनाचं खालचं पोट, जिथं क्रँक फिरतो आणि ऑइल असतं) उतरतोच, यालाच ब्लो-बाय म्हणतात. नवीन इंजिनात कमी, घासलेल्यात जास्त, आणि घाटात फुल्ल लोडवर सगळ्यात जास्त. हा गॅस बाहेर जायला इंजिनावर एक वाट ठेवलेली असते ती म्हणजे ब्रीदर. ती वाट तुंबली की मग कुकरची शिट्टी अडकल्यावर जसं रबरातनं वाफ येते तसं, जिथं कमजोर तिथनं ऑइल बाहेर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिपस्टिकची नळी, पुढं टायमिंग कव्हरचं सील, मागं मेनचं सील. काही जुन्या इंजिनांत मागच्या मेनला दोरीचं सील असतंय, काहींत तर क्रँकवर नुसते ऑइल परत आत ढकलणारे आटे काढलेले असतात, त्यांना आतला दाब अजिबात सहन होत नाही. असल्या इंजिनात सील कितीही नवीन घाला, ब्रीदर तुंबलेला असेल तर गळणारच.

आधी ऑइलची लेव्हल बघा, हे सोपं आहे म्हणून लोक सोडतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून मग डिपस्टिक. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक ऑइलला झापडा मारतो, फेस होतो, तो फेस ब्रीदरमधनं वर चढतो आणि आपण म्हणतो ब्लो-बाय वाढला. आणि लेव्हल आपोआप वाढत असेल, म्हणजे आपण घातलं नाही आणि तरी काठी वर ओली होतेय, तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोल इंजिनाला साइडला जो मेकॅनिकल पंप असतो त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरात उतरतं. ऑइल पातळ होतं, लेव्हल वाढते, वाफ वाढते, सगळीकडनं गळायला लागतं आणि बेअरिंगांची वाट लागते ती वेगळीच. पेट्रोलचा वास आला तर पुढचं काही करू नका, गाडी चालवू पण नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला आणि मगच ब्रीदरकडं या.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर लगेच हेड पॅकिंग गेलं म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात गाडी नुसती घरातनं रानात आणि रानातनं घरात असं दोन-तीन किलोमीटर फिरत असेल, तर इंजिन नीट गरमच होत नाही, आतली वाफ झाकणाला धरते आणि ऑइलात मिसळून साय होते. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एकदा लांबवर पळवून आणा, निघून जाईल. पाणी कमी होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं.

दाब आहे का नाही ते मोजायचं कसं

साधी टेस्ट सगळ्यांना माहितीय, इंजिन गरम करून आयडलला ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं तोंडावर ठेवायचं. झाकण जागेवर थरथरलं तर चालतंय, टुणटुण उड्या मारून खाली पडत असेल आणि धूर भकाभका येत असेल तर दाब आहे. पण ह्या टेस्टमध्ये गोम अशी की झाकण उघडलं की वाट मोकळी झाली, म्हणजे तुम्ही ब्लो-बाय बघताय, ब्रीदर तुंबलाय का ते नाही बघत.

त्यापेक्षा पाण्याची नळी करा. लेव्हल काढायला गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्या, एका फळीवर यू आकारात ठोका, मध्ये फूटपट्टी चिकटवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि पाण्यात निळीचा एक थेंब टाका म्हणजे लांबून दिसतं. नळीचं एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवायचं, दुसरं उघडं. सीजे ३बीसारख्या विलीसच्या पेट्रोल इंजिनात डिपस्टिक ऑइल भरायच्या झाकणालाच असते, तिथं झाकण काढून त्या तोंडात रबरी बूच बसवा आणि बुचातनं नळी घाला. आता इंजिन चालू करा, आयडलला बघा, मग रेस वाढवून बघा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक एखाद-दीड इंचाच्या आत असेल तर इंजिन श्वास घेतंय. पाणी सरळ चार-पाच इंच ढकललं जात असेल, किंवा नळीतनं उडून बाहेरच पडत असेल, तर दाब आहे.

आता खरी गंमत पुढं आहे. नळी तशीच ठेवून ब्रीदरचा होज इंजिनाकडच्या टोकाला काढा. पाणी लगेच लेव्हलला आलं म्हणजे होज नाहीतर पुढची लाइन तुंबलीय, इंजिन ठीक आहे. होज काढूनही दाब तसाच, तर ब्रीदरची आतली जाळी तुंबलीय. जाळी साफ करून पण दाब राहतोय तर मग रिंगा-बोअर, तिथं कंप्रेशन टेस्ट करायची आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये फरक किती येतो ते बघायचं. एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण आता मिस्त्रीला तुम्ही सांगताय काय करायचं ते, तो तुम्हाला नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो कारण ही बऱ्याच मिस्त्र्यांच्या पण लक्षात येत नाही. ज्या डिझेलला ब्रेकच्या बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप आहे, तो पंप ओढलेली हवा ऑइलबरोबर चेंबरातच सोडतो. बूस्टरचा पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमचा पाइप चिरला की तो पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून इंजिनात भरत बसतो आणि ब्रीदरमधनं फुसफुस वाढते. रिंगा गेल्या असं समजून इंजिन खोललं जातं आणि दोष असतो चिरलेल्या पाइपात. तपासायचं सोपं आहे, पंपाकडचा व्हॅक्यूम पाइप काढून पंपाचं तोंड थोडा वेळ बंद करायचं (गाडी उभीच ठेवून, ब्रेकचा प्रश्न आहे) आणि पाण्याच्या नळीत दाब पडतो का बघायचं. पडला तर दोष बूस्टरच्या लाइनला आहे.

पेट्रोल इंजिन

सीजे ३बीचं एफ-हेड (एक वॉल्व्ह वर हेडमध्ये, एक साइडला ब्लॉकमध्ये) हरिकेन इंजिन, २१९९ सीसीचं, त्याला कंपनीनेच बंद सिस्टीम दिलेली आहे आणि ती चांगली आहे, फक्त आज बहुतेक जीपांत ती अर्धी गायब असते. मुळात असं आहे की एअर क्लीनरमधनं स्वच्छ हवा एका होजनं ऑइल भरायच्या नळीत येते, चेंबरातनं फिरते, साइडच्या वॉल्व्ह कव्हरमधनं बाहेर पडते आणि तिथनं पाइपनं पीसीव्ही वॉल्व्हमधनं (ओढीप्रमाणं वाट लहान-मोठी करणारा वॉल्व्ह) इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत, ओढली जाते. म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःचा धूर ओढून जाळतं, आणि चेंबरात किंचित ओढ राहते, त्यामुळं सीलमधनं ऑइल बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत जायला बघते. यापेक्षा चांगला सेटअप कोणता बसवणार?

पण होतं काय, कोणीतरी एअर क्लीनर बदलला, होजला जागा राहिली नाही, मग नळीचं तोंड कापडाचा बोळा घालून बंद. कोणी पीसीव्ही वॉल्व्ह हरवला म्हणून त्या जागी बोल्ट मारला. काही ठिकाणी तर वॉल्व्ह नाही म्हणून पाइप थेट मॅनिफोल्डला जोडलेला बघितलाय, हे सगळ्यात वाईट, कारण आयडलला मॅनिफोल्डची ओढ सगळ्यात जास्त असते, वॉल्व्ह नसला तर ती ओढ ऑइल पण ओढते आणि मिक्श्चर पण लीन करते (हवा जास्त, पेट्रोल कमी), मग आयडलिंग बसत नाही म्हणून कार्बोरेटरला शिव्या.

पीसीव्ही वॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग आणि एक छोटी गोट आहे बस. आयडलला ओढ जास्त, गोट वर जाते, वाट बारीक होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी, स्प्रिंग गोट मागं ढकलते, वाट मोठी. बॅकफायर झाला तर गोट उलटी बसून आग चेंबरात जाऊ देत नाही. काढून कानाजवळ हलवा, टकटक वाजला पाहिजे. वाजत नसेल तर कार्बोरेटर क्लीनर मारून भिजवून ठेवा, तरी नाही सुटला तर बदला. मग इंजिन चालू असताना वॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा, बोट ओढलं गेलं पाहिजे आणि आयडलिंग जरासं बदललं पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा वॉल्व्ह घालताना सांभाळून, मोठ्या इंजिनाचा वॉल्व्ह आयडलला जास्त हवा सोडतो.

साइडच्या वॉल्व्ह कव्हरच्या आत पत्रा आणि जाळी असते, ती ऑइल अडवायला. तिथं वर्षानुवर्षाचा काळा डांबरासारखा थर बसलेला असतो, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायच्या ऐवजी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं आपोआप सुटतो, वरनं कॉम्प्रेसरची हवा मारा. काहींनी ही जाळी "फुकटची अडचण" म्हणून फेकून दिलेली असते, मग ऑइल सरळ मॅनिफोल्डमध्ये आणि सायलेन्सरमधनं निळा धूर. जाळी नसेल तर पितळी जाळी कापून बसवा. आणि ऑइलच्या झाकणाचं वॉशर हवाबंद पाहिजे, नाहीतर धूळ फिल्टरमधनं न येता त्या फटीतनं आत ओढली जाते. आपल्याकडं माण-खटाव, जत, आटपाडीच्या रस्त्यावर ही धूळ म्हणजे बोअरला पॉलिश पेपरच.

पेट्रोलचा ब्रीदर उघडा सोडून खाली पाइप काढायचा सल्ला पण मिळेल. जुन्या काळी असायचा तसा, खालचं टोक तिरकं कापलेलं, गाडी पळाली की वाऱ्यानं ओढायचं. पण जीप आपली घाटात वीसच्या स्पीडनं चालणार, तिथं वारा कुठला? आणि तो धूर उघड्या जीपमध्ये आपल्याच नाकात. बंद सिस्टीम आहे ती दुरुस्त करा.

डिझेल इंजिन

इथं नियम बदलतो. डिझेलला थ्रॉटल नसतो त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी ओढ नसते, म्हणजे पेट्रोलचा पीसीव्ही वॉल्व्ह डिझेलला लावून उपयोग नाही, उलट तो अडथळा होतो. प्यूजोचं २११२ सीसी असो का महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) २५२३ सीसी असो, ब्रीदर मोकळा आणि मोठ्या बोअरचा पाहिजे एवढंच.

ब्रीदरचा होज एअर क्लीनरच्या नंतर इंटेकला जोडलेला असेल तर थोडीशी ओढ मिळते, ती चांगली. पण रिंगा घासलेल्या इंजिनात त्या होजमधनं ऑइल पण जातं, आणि डिझेल इंजिनाला ऑइल म्हणजे डिझेलच. चेंबर जास्त भरलेला, घाटात फुल्ल रेस, ब्रीदरमधनं ऑइल इंटेकमध्ये, आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागलं की चावी बंद करून पण बंद होत नाही. अशा वेळी गाडी चालत असेल तर वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, इंजिन दाबून बंद पाडायचं. उभी असेल तर इंटेकचं तोंड जाड फळीनं बंद करायचं, हात लावायचा नाही, हात आत ओढला जातो. म्हणून घासलेलं डिझेल असेल तर मध्ये कॅच कॅन (गॅसमधलं ऑइल अडवून साठवणारा डबा) घातल्याशिवाय इंटेकला जोडू नका.

कॅच कॅन म्हणजे काही आभाळातनं पडलेली वस्तू नाही, एक डबा. बाजारातले चकचकीत अॅल्युमिनियमचे स्वस्त डबे मिळतात त्यातले निम्मे आतनं रिकामे असतात, गॅस एका तोंडानं आत आणि दुसऱ्यानं ऑइलसकट बाहेर. त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडनं तीन इंची पाइपाचा साधारण लिटरभराचा करून घ्या. आत यायचं तोंड मध्यावर साइडला, त्याच्या समोर एक आडवा पत्रा म्हणजे गॅस आपटून ऑइल खाली पडेल, त्याच्या वर स्टीलच्या तारेच्या घासणीचा गोळा, जायचं तोंड सगळ्यात वर, आणि तळाला नळ. घासणी स्टेनलेसची घ्या, ती बारीक लोखंडी लोकर घालू नका, तुकडे सुटून इंटेकमध्ये जातात. वेल्डिंगचे मणी आतनं घासून, डिझेलनं खळबळून काढा, बसवायच्या आधी. टोपी झाळू नका, बोल्टवर ठेवा, नाहीतर घासणी धुणार कशी?

होज आतनं कमीत कमी पाच सूत (५/८ इंच), पाऊण इंची मिळाला तर उत्तम. ऑइलला टिकणारा नायट्राइल रबराचाच, रेडिएटरचा होज ऑइलनं फुगतो, आणि ती बागेची पारदर्शक नळी तर गरम झाली की मऊ होऊन पिचकते, म्हणजे परत तुंबलाच. इंजिनापासून डब्यापर्यंत होज चढताच पाहिजे, मध्ये कुठं झोळ पडू देऊ नका, झोळात ऑइल-पाणी साठून बूच बसतं आणि आपण सगळा खटाटोप कशासाठी केला होता? डबा फायरवॉलवर, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब. पाण्याची बाटली तारेनं बांधून त्यात पाइप सोडायचा जुगाड रस्त्यात बंद पडल्यावर ठीक, कायमचा नाही.

डब्यातलं साठलेलं परत चेंबरात घालू नका. पावसाळ्यात तर त्यात निम्मं पाणीच असतंय, कॉफीसारखा रंग येतो. सुरुवातीला दर आठवड्याला नळ उघडून बघा किती येतंय. बसवल्यावर एकदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जाऊन या, नाहीतर खंबाटकी, आणि वर थांबून लगेच डबा उघडा. चमचाभर असेल तर ठीक. कप भरत असेल तर डबा मोठा करून भागणार नाही, रिंगांचं काम आलंय.

आणि हे सगळं केल्यावर लगेच गळती थांबली का बघू नका. आधी इंजिन डिझेल-ब्रशनं खालनं धुवा, कोरडं करा, मग थोडे दिवस चालवून बघा, जुनं ऑइल बेल हौसिंगमध्ये साठलेलं असतं ते बरेच दिवस निथळतं. दाब पाण्याच्या नळीवर शून्याजवळ आहे, खालनं स्वच्छ धुतलंय आणि तरी मागनं येतंय, तर आता सील बदला, आता ते पैसे वाया नाही जाणार.

अॅक्सल पण श्वास घेतो

इंजिनाच्या नादात लोक हे विसरतात. पुढच्या-मागच्या हौसिंगच्या नळीवर एक छोटी टिकली असते, तीच अॅक्सलचा ब्रीदर. चिखलानं नाहीतर रंगानं बुजली की डिफ (डिफरेंशियल) गरम झाल्यावर हवा फुगते आणि हबच्या सीलमधनं ऑइल ब्रेक लायनरवर. ब्रेक एका बाजूला ओढायला लागले की ड्रम उघडल्यावर कळतं.

आणि उलटं पण होतं. उन्हातनं तापलेली जीप तशीच उरमोडीत नाहीतर कोयनेच्या काठाला पाण्यात घातली की हौसिंग झटकन थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलमधनं पाणी आत ओढते. पाण्यात घालायच्या आधी थोडा वेळ थांबा, तेवढं थांबायला काय जातंय. त्यापेक्षा टिकली काढून लेथवाल्याकडं न्या, त्याच आट्याचं पितळी निपल करून घ्या, त्यावर आठ एमएमचा फ्युएल होज चढवून फायरवॉलपर्यंत वर आणा, टोक खाली वाकवून त्याला मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर लावा, धूळ आत जाणार नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर पण तसेच वर आणता येतात. पुढच्या अॅक्सलच्या होजला ढील भरपूर सोडा, पाटे दबून उठले की होज ताणून निघतो, आणि क्लिपा प्रत्येक जोडाला.

पाण्यात बराच वेळ उभी राहिलेली, किंवा पुरात सापडलेली जीप असेल तर चालवायच्या आधी रात्रभर जागेवर उभी ठेवा आणि सकाळी हौसिंगचा खालचा बोल्ट नुसता सैल करा, काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, तळाला बसलेलं असतं, आलं तर पहिलं तेच येतं. आलं तर सगळं ऑइल काढून इपी ९० गिअर ऑइल नवीन भरा, थोडं चालवून परत एकदा बदला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला पण हीच तपासणी, वेगवेगळी करा.